गच्चीवरचं ओझं आणि पार्किंगमधले सहा कॉलम: एका सोसायटीच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कर्वेनगर भागातली ही सोसायटी १९८६ साली उभी राहिली. खाली पार्किंग, वर तीन मजले, बारा सदनिका आणि सुमारे २२० चौरस मीटरची गच्ची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाकी घडलं ते असंच.

इमारत आरसीसी फ्रेमची. त्या काळी लहान कामांवर १:२:४ प्रमाणात, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग नदीची वाळू आणि चार भाग खडी, असं घमेल्यांनी मोजून काँक्रीट होत असे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या १९७८ च्या आवृत्तीत आरसीसीसाठी एम १५ चालायचं. २००० च्या आवृत्तीने ही किमान पातळी एम २० वर नेली. एम नंतरचा आकडा म्हणजे १५० मिमीच्या क्यूबने २८ दिवसांनी किती दाब पेलायला हवा, ते न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये. हा आकडा मुद्दाम आधी समजावतो आहे, कारण पुढचा बराचसा वाद त्याच्याभोवतीच फिरला.

गच्चीवर मूळ बांधकामाच्या वेळचा विटांच्या तुकड्यांचा कोबा होता. नव्वदीच्या दशकात गळती सुरू झाल्यावर त्यावर दुसरा कोबा घातला गेला. मग चायना मोझेक, मग एक रासायनिक लेप. प्रत्येक वेळी दोन-चार पावसाळे बरे गेले.

अडचण

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात स्वयंपाकघराच्या छताचं प्लॅस्टर रात्री कोसळलं. आतल्या सळया लालभडक आणि फुगलेल्या दिसत होत्या. त्याच सुमारास पार्किंगमध्ये गाड्या धुण्याच्या नळाजवळच्या कॉलमला उभी भेग पडली होती. रंगाऱ्याने ती पुट्टीने बुजवली, सहा महिन्यांत ती पुन्हा उघडली.

समितीने तीन ठेकेदारांकडून दर मागवले. पहिल्याने तिसरा कोबा सुचवला. दुसऱ्याने जाळी टाकून ७५ मिमी जाडीचं एम २० काँक्रीट गच्चीभर ओतायचं म्हटलं. तिसऱ्याचं म्हणणं होतं, सगळीकडे एम ४० वापरू, पुन्हा बघायला नको. सभासदांना तिसरा माणूस पटला. चाळीस हा वीसपेक्षा मोठा आकडा आहे, मग चांगलंच असणार, असा साधा हिशेब.

सेक्रेटरी काकांनी मात्र काम देण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याची तपासणी, करून घ्यायचा आग्रह धरला. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं, आणि इथे ते एकदाही झालेलं नव्हतं. सल्लागार म्हणून मी या प्रकरणात तिथून आलो.

तपासणीत काय निघालं

रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या न फोडता करायच्या चाचण्यांनी सुरुवात केली, पण भिस्त ठेवली ती कोअरवर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेल्या आणि दाबून तपासलेल्या नळकांडी नमुन्यांवर. एकूण सात कोअर काढले. सरासरी १४ च्या आसपास आली, सर्वांत कमी ११.९. नव्या काँक्रीटबद्दल शंका आली तर आयएस ४५६ ची कसोटी अशी आहे: कोअरची सरासरी ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. एम १५ साठी याचा अर्थ १२.७५ आणि ११.२५. म्हणजे इतक्या वर्षांचं हे काँक्रीट त्या कसोटीला उतरत होतं.

समितीला हे खरं वाटेना. ‘सिमेंट कमी घातलं असणार’ हे त्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं होतं. प्रत्यक्षात काँक्रीटची ताकद हा मूळ रोग नव्हताच. ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं द्रव्य) शिंपडलं तेव्हा बाहेरचा २५ ते ३५ मिमीचा थर रंगहीन राहिला आणि त्यापलीकडचा भाग गुलाबी झाला. रंगहीन भागात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कलीपणा संपवलेला असतो. त्या अल्कलीपणाच्या आधारावरच सळई गंजण्यापासून वाचते. इथे सळयांवरचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, जेमतेम २० मिमी होतं, काही कॉलमांना त्याहूनही कमी. सळया उघड्या पडल्यासारख्याच होत्या. त्यात गच्चीतून आणि धुण्याच्या नळाकडून पाणी येत राहिलं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फाटतं.

सळईचा विद्युत-विभव मोजून गंजाचा अंदाज देणाऱ्या हाफ-सेल चाचणीत चौदापैकी सहा कॉलमांवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचे आकडे आले. तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त मानली जाते. दोन कॉलम उणे २०० ते उणे ३५० च्या संदिग्ध पट्ट्यात होते. नळाजवळच्या कॉलममध्ये १६ मिमीच्या सळया तेरा मिमीच्याही खाली आल्या होत्या. छेदाचं एक तृतीयांशाहून जास्त क्षेत्रफळ गेलेलं.

यानंतर गच्चीवर दोन ठिकाणी थेट स्लॅबपर्यंत खड्डा घेतला. मूळ कोबा ११० मिमी, वरचा १०० मिमी, मोझेक आणि लेप मिळून आणखी २५. भिजलेल्या कोब्याचं वजन घनमीटरला १,९०० किलोच्या आसपास धरलं, तर दर चौरस मीटरवर सुमारे ४४५ किलो. सगळ्या गच्चीवर ९८ टन. ये-जा असलेल्या गच्चीसाठी माणसं आणि सामान यांचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरून डिझाइन करतात. एकट्या दुसऱ्या कोब्याचं वजन १९० किलो होतं. माणसांसाठी ठेवलेली सगळी जागा त्या कोब्याने खाऊन वर आणखी घेतली होती, आणि आता तिसऱ्या कोब्याचा दर टेबलावर होता.

गच्चीसाठी कोणते पर्याय होते

तिसरा कोबा आणि ७५ मिमीचं एम २० हे दोन्ही पर्याय इथेच संपले. एम २० चा थर चौरस मीटरला १८० किलो भरतो. मजबूत थर वर घातला म्हणून खालचा स्लॅब मजबूत होत नाही, त्याला तो फक्त वाहावा लागतो. सर्वसाधारण सभेत हे वाक्य मी अनेकदा, वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. एम ४० असता तरी वजन तेवढंच.

पत्र्याची शेड हा सभासदांचा लाडका पर्याय होता. आजूबाजूच्या निम्म्या इमारतींवर ती आहे. शेडला मी सरसकट नाही म्हणत नाही. स्लॅबवर पडणारा पाऊस अडला की स्लॅब वाळतो आणि गंजाचा वेग कमी होतो, हा तिचा खरा फायदा. पण खालचं ४४५ किलोचं ओझं तसंच राहणार होतं, वाऱ्याची उचल पेलायला खांब नीट बांधावे लागणार होते आणि महापालिकेची परवानगी हा वेगळा विषय. वरचा स्लॅब आतून दुरुस्त करायचाच होता, मग त्याच्यावरचं वजन कायम ठेवण्यात मला अर्थ दिसत नव्हता. या एका मुद्द्यावर जानेवारी आणि फेब्रुवारी गेले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

उरलेला पर्याय होता सगळं खरवडून काढायचा आणि उतार हलक्या काँक्रीटने द्यायचा. फोम काँक्रीट म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणात साबणासारखा घट्ट फेस मिसळून केलेलं काँक्रीट. खडी नसते. घनमीटरला ८०० किलोचं मिश्रण मागवता येतं, नेहमीच्या काँक्रीटच्या एक तृतीयांश. त्याची ताकद दोन-तीन न्यूटनच्या घरात, म्हणजे त्यावर इमारत उभी राहणार नाही. पण इथे त्याच्याकडून ताकद नकोच होती. पाणी वाहून जाईल असा उतार आणि कमी वजन, इतकीच अपेक्षा.

उतार शंभरात एक धरला. पाणी बाहेर जाण्याच्या तोटीजवळ ४० मिमी, लांबच्या टोकाला १२०, सरासरी ८०. वजन ६४ किलो. त्यावर २५ मिमी स्क्रीड (सिमेंट-वाळूचा सपाट थर), मेम्ब्रेन म्हणजे जलरोधक पडदा, सिमेंटचा मसाला आणि उष्णता परावर्तित करणाऱ्या टाइल्स. सगळं मिळून चौरस मीटरला १८० किलोच्या आसपास. ९८ टनांऐवजी ४० टन.

मेम्ब्रेन कुठे घालायची हा निर्णयाचा पुढचा टप्पा. फोम काँक्रीट पाणी पितं. मेम्ब्रेन फक्त खाली स्लॅबवर घातली, तर वरचा सगळा थर पावसात भिजून जड होईल आणि महिनोन्महिने ओला राहील. फक्त वर घातली आणि ती एका जागी फाटली, तर पाणी आत अडकेल. म्हणून दुरुस्त केलेल्या स्लॅबवर सिमेंट-पॉलिमरचा लेप आणि मुख्य मेम्ब्रेन उताराच्या वर, असं ठरलं. खर्च वाढला. समितीने तो मान्य केला, कारण वजनाचा आकडा एव्हाना सगळ्यांना पाठ झाला होता.

कॉलमांसाठी कोणतं काँक्रीट

गच्चीवर हलकं हवं होतं. खाली पार्किंगमध्ये गरज अगदी उलटी होती: अरुंद जागेत, दाट सळयांमधून कोपऱ्या-कोपऱ्यात पोचणारं, आकुंचन न पावणारं आणि जुन्या काँक्रीटला धरून राहणारं.

नेहमीच्या काँक्रीटने जॅकेट, म्हणजे जुन्या कॉलमभोवती सळयांसह नवा थर, करायचं तर भोवती किमान १०० मिमीचा थर हवा. २३० × ४५० चा कॉलम ४३० × ६५० होतो. दोन ठिकाणी गाडीचं दार उघडायला जागा उरत नव्हती. ज्यांच्या गाड्या तिथे होत्या त्यांचा विरोध मला अवाजवी वाटला नाही. सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट रेडीमिक्सवाल्याकडून आणण्याचाही विचार झाला. ते व्हायब्रेटरशिवाय स्वतःच्या वजनाने पसरतं आणि अशा जागी उत्तम असतं. पण सहा कॉलमांना मिळून लागणार होतं जेमतेम तीन घनमीटर, तेही एका दिवशी नाही. शेजारचे दोन कॉलम एका वेळी सोलायचे नाहीत, हा नियम होता. अर्ध्या घनमीटरसाठी ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीटचा ट्रक) कोण पाठवणार?

जागेवर मिक्सर लावून एम ४० करू, असं ठेकेदार म्हणाला. आयएस ४५६ प्रमाणे प्रमाणावर मोजून केलेलं काँक्रीट एम २० पर्यंतच चालतं. त्यापुढच्या ग्रेडला मिक्स डिझाइन (चाचणीने ठरवलेलं मिश्रण), वजनाने मोजलेला माल आणि क्यूबची चाचणी लागते. पार्किंगच्या कोपऱ्यात घमेल्याने मोजून एम ४० होत नाही, कागदावर काहीही लिहिलं तरी.

म्हणून मायक्रो काँक्रीट. हे पिशवीत कोरडं तयार येतं, ठरलेलं पाणी घालून ढवळलं की वाहतं, आणि त्यातले घटक आकुंचन भरून काढतात. ७५ मिमीच्या जॅकेटमध्ये ते वरून ओतता येतं. २५ किलोच्या पिशवीतून साधारण बारा लिटर माल निघतो, म्हणजे तीन घनमीटरला अडीचशे पिशव्या. घनमीटरचा दर नेहमीच्या काँक्रीटच्या कितीतरी पट. पण एकूण माल थोडा, आणि दोन गाड्यांची जागा वाचत होती. ७५ मिमीवर जाण्याआधी उभ्या भाराचा आणि भूकंपाचा हिशेब नव्याने केला. भूकंपरोधक रचनेच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे तिसऱ्या भूकंप क्षेत्रात येतं. उघड्या पार्किंगवर उभ्या इमारतीच्या डोक्यावरून ५८ टन उतरणार होते, त्याचा फायदा या हिशेबात थेट मिळाला.

छताच्या आणि बीमच्या खालच्या बाजूला मायक्रो काँक्रीट कामाचं नाही. तिथे हाताने थापायचं पॉलिमर मॉर्टर, एका वेळी दहा-पंधरा मिमीचे थर.

प्रत्यक्ष काम

गच्ची फोडायला मोठे ब्रेकर लावू दिले नाहीत. लहान चिपिंग हॅमर आणि छिन्नी. खालच्या घरांमध्ये स्लॅबला टेकू दिले होते. दुसऱ्याच दिवशी बिगाऱ्यांनी सोयीसाठी राडारोडा स्लॅबच्या मधोमध ढिगाने रचायला सुरुवात केली होती. एक मीटर उंचीचा ढीग म्हणजे चौरस मीटरला टनाहून जास्त. काम थांबवून ढीग हलवला आणि नियम केला: फोडलेला माल त्याच दिवशी खाली. पट्ट्यापट्ट्याने काम झालं, वेळ लागला, पण दुसऱ्यांदा ढीग झाला नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्याही याच वेळी स्लॅबच्या मध्यावरून कॉलमांच्या माथ्यावर टाकलेल्या बीमवर हलवल्या. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, आणि ते कुठे बसवले याला महत्त्व असतं.

खाली पार्किंगमध्ये ठेकेदाराला जॅकेट फरशीपासून वर करायचं होतं. मी तळापर्यंत खोदायला लावलं. फरशीलगतचा भागच सर्वांत जास्त भिजतो. खोदल्यावर दिसलं, की गंज फरशीखाली आणखी फूटभर गेला आहे. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, चांगलं होतं, खाली पक्का मुरूम. जॅकेटच्या नव्या सळया फुटिंगमध्ये भोकं पाडून इपॉक्सीने बसवल्या. त्या नुसत्या फरशीवर उभ्या राहिल्या असत्या, तर जॅकेट म्हणजे कॉलमला घातलेला सदरा ठरला असता.

प्रत्येक कॉलमला आधी जॅक लावले, मग सैल काँक्रीट काढलं, सळया ब्रशने चकचकीत केल्या, गंजरोधक लेप दिला, नव्या रिंगा बांधल्या. पिशवीमागे पाणी मापी भांड्यानेच. एका दुपारी माल नीट वाहत नाही म्हणून जास्त पाणी घातलेला घाणा मुकादमाने स्वतःहून बाजूला काढला, त्याचं कौतुक मी समितीच्या सभेतही केलं. एप्रिलच्या पुण्यातल्या कोरड्या उन्हात साचा काढल्या काढल्या ओलं गोणपाट गुंडाळलं आणि सात दिवस ते वाळू दिलं नाही.

फोम काँक्रीटचा पहिला घाणा बादलीत वजन करून पाहिला, तर घनता ८०० ऐवजी १,०५० आली. फेस बसला होता. परत पाठवायचा की वापरायचा? ८० मिमीला वीस किलोचा फरक पडतो. तो माल तोटीजवळच्या ४० मिमीच्या पातळ पट्ट्यात वापरला, जिथे फरक दहा किलोच होता, आणि पुढच्या प्रत्येक घाण्याचं वजन केल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही असं ठरलं. त्यानंतर आकडे ठीक आले.

दुसऱ्या अर्ध्या गच्चीचा थर ओतला, आणि त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. ताडपत्र्या वाऱ्याने उडाल्या. वरचा दहा-पंधरा मिमीचा भाग भुसभुशीत झाला, तो खरवडून पुन्हा करावा लागला.

खोदलेल्या पार्किंगसाठी ६० मिमीचे एम ३५ पेव्हर ब्लॉक घेतले. पेव्हर ब्लॉकचं मानक आयएस १५६५८ हलक्या वाहतुकीला तेच सांगतं, आणि पुन्हा कधी पाइप काढायचा झाला तर ब्लॉक उचलून बसवता येतात. धुण्याचा नळ कॉलमांपासून दूर नेला.

निकाल

लेपावर आणि नंतर मेम्ब्रेनवर पाणी साठवून चाचणी घेतली, दोन्ही वेळा छत कोरडं राहिलं. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत वरच्या मजल्यावर एकच डाग आला, तोही पन्हाळीच्या पाइपाच्या सांध्यापाशी. सांधा उघडून सील केला, डाग वाढला नाही. वरच्या घरांतली उन्हाळ्यातली उष्णता कमी झाल्याचं तिथली मंडळी सांगतात. मोजमाप केलेलं नाही, म्हणून त्यांचं म्हणणं तेवढंच नोंदवतो. कॉलमांच्या जॅकेटवर केसासारख्या बारीक दोन भेगा सोडल्या, तर काही नाही. ठोकून पाहिल्यावर कुठेही पोकळ आवाज येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गच्चीचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवं होतं. शेडवरच्या चर्चेला दोन महिने गेले ते वजनाचे आकडे उशिरा समोर आले म्हणून. गच्चीवर खड्डा घेऊन थरांची जाडी मोजणं ही अर्ध्या दिवसाची गोष्ट आहे. ती दर मागवण्याआधी झाली असती, तर तिसऱ्या कोब्याचा प्रस्ताव सभेपर्यंत आलाच नसता आणि फोम काँक्रीट फेब्रुवारीत, वळवाच्या आधी पडलं असतं.

निविदेआधी एका कॉलमचं फुटिंग उघडून पाहणंही गरजेचं होतं. खोदकाम आणि फरशीखालची लांबी दरपत्रकात नव्हती, त्यावरून ठेकेदाराशी मधल्या काळात कटकट झाली. त्यात त्याचा दोष नव्हता.

संदिग्ध पट्ट्यातल्या दोन कॉलमांना जॅकेट न करण्याचा निर्णय माझ्या मते बरोबर होता, पण त्यावर दुमत होऊ शकतं. त्यांच्या सळयांची जाडी शाबूत होती, पाण्याचा स्रोत हटवला होता, आणि तेव्हा सोसायटीचे पैसे स्लॅबच्या दुरुस्तीत जास्त उपयोगी पडणार होते. त्यांना फक्त कार्बोनेशन रोखणारा लेप दिला आणि हाफ-सेलच्या जागा रंगाने खुणावून ठेवल्या. पुढच्या ऑडिटमध्ये त्याच खुणांवर आकडे पुन्हा घ्यायचे आहेत. ते उणे ३५० कडे सरकलेले दिसले तर त्या दोघांचंही जॅकेट करायचं, आणि त्यासाठीची रक्कम समितीने दुरुस्ती निधीत आताच वेगळी काढली आहे.